तुळसा धवलारणीने लावलेली सत्तावीस लग्नं

घोडबंदर रोडला तुळसाबाईचं घर शोधायचं तर वर बघून उपयोग नाही. वर बघितलं की तीस-तीस मजले दिसतात आणि मान दुखून येते. खाली बघावं. दोन टॉवरांच्या मध्ये गावठाणाचा एक तुकडा अजून उरलाय. त्यात गावदेवीचं देऊळ, देवळाला लागून पोपटी रंगाचं दुमजली घर, आणि घराच्या ओट्यावर खुर्चीत बसलेला काळुराम. तो दिसला की समजायचं, पत्ता बरोबर आहे. तो सहसा हलत नाही.

काळुराम हा तुळसाबाईचा नवरा. दोघांनी तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात मजुरी केली, घरची भातशेती केली. पुढे त्या शेतावर बिल्डर आला, शेताचे फ्लॅट झाले, फ्लॅटांत भाडेकरू आले आणि काळुरामचं आयुष्यातलं काम संपलं. त्याचं त्याला काही दुःख नव्हतं. तुळसाबाईला मात्र होतं. हात रिकामे राहिले की तिला कणकण आल्यासारखं व्हायचं.

त्यातून तिचं खरं काम निराळंच होतं. ती धवलारीण. आगऱ्यांच्या घरी लग्न निघालं की भटजीच्या आधी धवलारणीला निरोप जातो. हळद लावताना, तेल चढवताना, नवरा-नवरीला न्हाऊ घालताना, प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, म्हणजे धवला, असतं आणि ती सगळी तिला तोंडपाठ लागतात. ती गायली नाही तर लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नाहीत. पण जुनी माणसं राहिली किती? गेल्या मोसमात तुळसाबाईला दोनच बोलावणी आली. त्यातल्या एका घरी ती हळदीला गायला बसली, आणि तिसऱ्या कडव्याला नवरीच्या भावाने वाकून कानात सांगितलं, "काकी, जरा शॉर्टमध्ये घ्या ना. डीजेवाला थांबलाय."

त्या दिवसानंतर तिने काम शोधायला सुरुवात केली. वय अठ्ठावन्न, शिक्षण पाचवी. देवळात भेटणाऱ्या एका बाईने सांगितलं, मागच्या गल्लीतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कसलीशी संशोधन संस्था आहे, तिथे मदतनीस पाहिजे. तिथले आधीचे तीन मदतनीस पळून गेले होते. कारण त्या खोलीत रातकिडे होते. एक-दोन नाहीत, सहा-सातशे.

संस्थेचे प्रमुख सौमित्र सर. त्यांनी विचारलं, "किड्यांची भीती वाटते का?"

"साहेब, मिठागरात पायावरून साप जायचे. ह्ये तर नुसते उर्‍या मारनारे किरे."

तुळसाबाईच्या तोंडी शब्दामधल्या 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' होतो, तो आता साठीला जाणार नाही. सरांनी तिला तिथल्या तिथे कामावर घेतलं.

घरी काळुराम खुर्चीतून अर्धा उठला. "लोकं काय बोलतील? काळुरामची बायको किरे सांभालते?"

"तू दिवसभर खुर्ची सांभालतोस, तुना कोन काय बोलला?"

काळुराम पुन्हा बसला.

कामाला लागली आणि तुळसाबाई रमली. किड्यांना गाजराच्या चकत्या घालायच्या, पाण्यासाठी ओला कापूस ठेवायचा, लपायला अंड्यांचे पुठ्ठे लावायचे, अंडी घालायला ओली रेती द्यायची. सकाळी दहा वाजले की दिवे आपोआप बंद व्हायचे आणि खोलीत एक मिणमिणता लाल दिवा उरायचा. रातकिडे गाणार रात्री, माणसं कामाला येणार दिवसा, म्हणून त्या खोलीपुरती रात्र सकाळी दहाला पाडायची अशी युक्ती होती. लाल उजेड त्यांना न दिसल्यातच जमा असतो. तुळसाबाई देवळात सांगायची, "आमच्याकरं दहाला रात होते, मंग सगले नवरे गायला लागतात." बायका तिच्याकडे जरा काळजीने बघायच्या.

हे सगळं ज्या प्रयोगासाठी चाललं होतं तो मैथिलीचा. मैथिली डोंबिवलीची, एकतीस वर्षांची, हुशार आणि रोज उशिरा येणारी. कारण तिची शेअरिंगची गाडी शीळफाट्याला अडकायची. प्रकल्पाची मुदत डिसेंबरात संपत होती. त्याआधी, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, बाहेरून समिती येऊन काम बघणार होती. पटलं तर दोन वर्षं वाढ, नाहीतर खोलीला कुलूप. कुलूप लागलं तर मैथिलीची चार वर्षं पाण्यात आणि तुळसाबाई परत ओट्यावर, दुसऱ्या खुर्चीत. त्या दुसऱ्या खुर्चीचा विचार आला की तुळसाबाई गाजराच्या चकत्या आणखी पातळ करायची.

कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी मैथिलीने तिला नियम सांगितला होता. "मावशी, मादी शेवटची कात टाकायला आली, की पंख फुटायच्या आधीच तिला वेगळ्या डबीत ठेवायचं. नंबर घालून. नरांची खोली वेगळी, माद्यांची वेगळी."

"कशाला गो बाय?"

आता इथे मैथिलीने सरळ उत्तर द्यायला हवं होतं. पण ती ज्या घरात वाढली तिथे टीव्हीवर तसली जाहिरात लागली की वडील खोकायचे आणि आई स्वयंपाकघरात जायची. आईच्या वयाच्या बाईशी नर-मादीचं बोलणं तिच्या तोंडून निघेना. ती म्हणाली, "त्यांना एकटं राहायला आवडतं."

तुळसाबाईला हे काही पटलं नाही. एकटं राहायला आवडणारी बाई तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पण शिकलेली पोर सांगते तर असेल, म्हणून ती डब्यांवर नंबर घालायला लागली.

प्रयोग मात्र तिला आवडायचा. हवेच्या झोतावर थर्माकोलचा एक चेंडू तरंगत ठेवलेला. मादीला पाठीवर मेणाच्या ठिपक्याने बारीक पिनेला चिकटवून त्या चेंडूवर उभं करायचं. ती चालली की ती जागच्या जागी राहते, चेंडू खाली फिरतो, आणि कुठे जायला निघाली होती ते कॉम्प्युटर लिहून ठेवतो. डाव्या-उजव्या बाजूला दोन स्पीकर. डावीकडून नराचं गाणं वाजलं की मादी डावीकडे, उजवीकडून वाजलं की उजवीकडे.

"मावशी, हिचे कान कुठे असतात सांगा," मैथिलीने एकदा विचारलं.

"डोक्याला."

"नाही. पुढच्या पायांत, गुडघ्याच्या खाली."

तुळसाबाईने स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. तिथे तिला वर्षभर नुसतं दुखतच होतं.

"नर पंखावर पंख घासतो. एका सुरावटीत चार ठोके, आणि दोन ठोक्यांत ठरावीक फट. ही फट जरा लांबली किंवा आखडली, की गाणं कितीही मोठ्याने वाजवा, मादी ढुंकून बघत नाही."

"बेताला गातो त्याला पोरगी कोन देल?" तुळसाबाई म्हणाली. "पन तिना कसा कलतं? मोजते काय?"

"तेच तर शोधायचंय. एवढंसं डोकं, आणि त्यात हे काम करणाऱ्या पेशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या." मैथिलीने कागद ओढला. "ठोक्याचा निरोप आत गेला की दोन वाटांनी जातो. एक जवळची वाट, एक लांबची. लांबच्या वाटेने जाणारा निरोप बरोबर त्या फटीएवढा उशिरा पोचतो. मग पहिल्या ठोक्याचा लांबून आलेला निरोप आणि दुसऱ्या ठोक्याचा जवळून आलेला निरोप एकाच क्षणी पोचतात. पुढे एक पेशी बसलेली असते. दोघे एकदम आले तरच ती जागी होते. एकेकटा आला तर नाही."

तुळसाबाईने कागदावरच्या दोन्ही वाटांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "टोपला."

"काय?"

"मिठाचा टोपला. एकलीला उचलत नाय. एक बाय बांधाबांधानं लांबून येते, दुसरी सरल वाटंनं. दोगी एका टायमाला पोचल्या तर टोपला डोक्यावर चरला. एक आधी आली, एक मागून आली, तर टोपला भुईलाच. ह्यात काय शोधायचा? आमचा मुकादम वाट बघून आदीच बायांना पुरं-मागं सोरायचा."

मैथिलीने ते वहीत लिहून घेतलं. पुढे एका परिषदेत तिने मिठाच्या टोपल्याचं चित्रच दाखवलं, आणि म्हणे पहिल्यांदा कुणीही मध्ये प्रश्न विचारला नाही. त्यानंतर तुळसाबाईला आपण प्रयोगात अर्ध्या वाटेकरी आहोत असं वाटायला लागलं, तर त्यात तिची काही चूक नव्हती.

चूक झाली ती तुळशीच्या लग्नाला.

त्या बुधवारी संध्याकाळी दारच्या तुळशीचं लग्न लागलं. तुळसाबाई धवला म्हणायला घसा साफ करून उभी राहिली, तोवर तिचा मुलगा हर्षित मोबाइलला स्पीकर जोडून मोकळा झाला होता. "आई, तू दमशील. ह्यात सगलं हाय, मंगलाष्टकं पन हाय." तुळसाबाई बाजूला झाली. देवीला नमस्कार केला, चुरमुरे वाटले, झोपली.

दुसऱ्या दिवशी मैथिली रजेवर होती, शुक्रवारीही येणार नव्हती. भावाचा साखरपुडा होता, टिटवाळ्याला. समिती यायला अजून दोन आठवडे होते. खोलीत तुळसाबाई एकटी. दहा वाजले, दिवे गेले, पलीकडच्या खोलीतले नर गायला लागले. इकडे फळीवर तीस डब्या, एकेका डबीत एकेक मादी. काही जणी झाकणाला मिशा लावून उभ्या होत्या. सात नंबरवाली तर भिंतीवर डोकं आपटत होती.

तुळशीचं लग्न झालं की लग्नाचे दिवस उघडतात, हे तुळसाबाईला कुणी शिकवायला नको होतं. उपवर पोरी घरात, पलीकडे नवरे घसा फोडून हाका मारतायत, घरात जाणती धवलारीण उभी, आणि ह्यांना म्हणे एकटं राहायला आवडतं! कुणी सांगितलं? मैथिलीने. आणि मैथिलीला काय कळतंय, तिचंच अजून व्हायचंय.

तुळसाबाईने आपल्या पिशवीतून कालच्या तुळशीच्या लग्नातली हळदीची पुडी काढली.

हळद तिने किड्यांना लावली नाही, तेवढं भान तिला होतं. प्रत्येक डबीच्या झाकणावर बाहेरून एक बोट टेकवलं. मग पलीकडून एक नर आणून डबीत सोडला, आणि त्या जोडप्यापुरता धवला हलक्या आवाजात म्हटला. शॉर्टमध्ये नाही, पूर्ण. नर सत्तावीस नव्हते, गाण्यातले धडधाकट असे चौदाच होते. म्हणून गुरुवारी चौदा लग्नं लावली आणि शुक्रवारी तेरा. एक नवरा दुसऱ्या दिवशी आजारी पडला, त्याला तिने सुट्टी दिली. रातकिड्यांत नवरा नवरीला पांढरा, मोहरीएवढा एक मणी देतो, तो तिच्या पोटाखाली चिकटतो. तो बघून तुळसाबाईचे डोळे भरून आले. दुपारी नवरीने तो मणी खाऊन टाकला, तेव्हा ती जरा गोंधळली. पण प्रत्येक जातीच्या रिती वेगळ्या असतात असं म्हणून तिने नवऱ्यांना त्यांच्या खोलीत परत पाठवलं आणि रेती बदलली.

सोमवारी मैथिली आली आणि प्रयोग बिघडला.

चौथ्या नंबरची मादी चेंडूवर चढवली. डावीकडून गाणं वाजवलं. मादीने मिशी साफ केली. उजवीकडून वाजवलं. तिने दुसरी मिशी साफ केली. नववी, बारावी, सोळावी, सगळ्यांचं तेच. मैथिलीने स्पीकर बदलला, गाण्याची फाइल बदलली, खोली दोन अंशांनी गरम केली, जमीन हादरते म्हणून शेजारच्या टॉवरच्या पायलिंगवाल्याशी खाली जाऊन भांडून आली. आठवडाभर चेंडू तसाच तरंगत राहिला. त्यात तिला झाकणांवर पिवळे डाग दिसले. "बुरशी!" ती किंचाळली, आणि तीन झाकणं तपासायला ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवली.

तुळसाबाई गाजर कापत होती. बुरशी नाही हे तिला माहीत होतं, पण हळदीचा आणि चेंडूचा संबंध तिला दिसेना, म्हणून तिने पुढचं गाजर घेतलं.

शनिवारी सौमित्र सर आले. समितीला पाच दिवस उरले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेटेड तर नाहीत ना ह्या?"

"शक्यच नाही सर. पहिल्या दिवसापासून वेगळ्या आहेत."

सर गेल्यावर तुळसाबाईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाय, मेटेड म्हंजे?"

मैथिली लाल झाली. "म्हणजे... लग्न झालेल्या. एकदा लग्न झालं की काही दिवस त्या गाण्याकडे जातच नाहीत मावशी. म्हणून तर आपण त्यांना वेगळं ठेवतो."

तुळसाबाईच्या हातातली सुरी गाजरात तशीच राहिली.

रविवारचा दिवस तिने कसा काढला ते तिलाच माहीत. काळुरामला सांगितलं तर तो म्हणाला, "गप ऱ्हा. किरे काय साक्ष देतात?" हर्षित आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, "आई, सोर ती नोकरी. उद्या जाऊच नको." तुळसाबाई देवळात गेली. गावदेवीपुढे तिने कधी काही मागितलं नव्हतं, फक्त जाता-येता हात जोडायची. आज मागायचं तरी काय? पोरीचं काम वाचव म्हणावं, तर बिघडवलं आपणच. मला वाचव म्हणावं, तर पोरीने विश्वासाने खोलीची किल्ली दिलेली. ती नुसतीच बसून राहिली, आणि उठताना तिचं ठरलं होतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता तिने फोन लावला.

"कुठं हायेस बाय?"

"शीळफाट्याला," मैथिली म्हणाली. मागे हॉर्न वाजत होते. "अर्धा तास जागचे हललो नाही."

"मंग तितंच बस, हालू नको, नि ऐक. त्या पोरींची लग्ना झाली."

"कुठल्या पोरींची?"

"डब्यातल्या. मी लावली. गुरवारी चौदा, शुक्रवारी तेरा. बुरशी नाय ती, हलद हाय."

हॉर्न वाजत राहिले. मग गाडीतल्या कुणा बाप्याचा आवाज आला, "मॅडम, पाणी देऊ का?"

"मावशी," मैथिली म्हणाली, "सत्तावीस जणींची?"

"तू बोललीस एकटा राहायला आवरतं. माना काय म्हाईत तू खोटं बोलतेस?"



मैथिली साडेदहाला पोचली तेव्हा खोलीत रात्र झाली होती. रातकिडे बिचकू नयेत म्हणून भांडण कुजबुजत करावं लागलं, आणि कुजबुजत भांडताना माणसाला नीट रागावता येत नाही.

"चार वर्षं, मावशी! चार वर्षं!"

"कापून टाक माझा पगार. हाकलून दे. पन आधी ऐक, डब्या हायेत तीस. मी लावली सत्तावीस."

मैथिली थांबली. "मग तीन?"

"अकरा, एकोनीस नि तीस. त्यांनी तवा कात टाकली नव्हती, लहान व्हत्या. लहान पोरींची लग्ना मी लावत नाय. कायदा हाय."

मैथिलीने तिच्याकडे लाल उजेडात बघितलं. मग धावत जाऊन एकोणीस नंबर उतरवली. ह्या तिघींनी लग्नांनंतरच्या शनिवारी-रविवारी कात टाकली होती, म्हणून आठवडाभर त्यांना कुणी चेंडूवर चढवलं नव्हतं. आता आठ-नऊ दिवसांच्या झालेल्या, भरात आलेल्या. मेणाचा ठिपका लावला, चेंडूवर ठेवली, डावीकडून गाणं सोडलं.

एकोणीस नंबर निघाली ती अशी, की चेंडू गरगरा फिरायला लागला. उजवीकडून वाजवलं, ती उजवीकडे वळली. फट बिघडवलेलं गाणं लावलं, ती थांबून मिशी साफ करायला लागली.

"गाणं बरोबर आहे," मैथिली पुटपुटली. "यंत्र बरोबर आहे. सगळं बरोबर आहे." आणि मग तिच्या मनात आलं ते तिने मोठ्याने म्हटलं. "मग लग्न झालेल्यांचं काय बिघडतं? त्यांना गाणं ऐकूच येत नाही, की ओळखूच येत नाही, की..."

पुढचे दोन दिवस ती घरी फक्त झोपायला गेली. केसाहून बारीक काचेची सुई लग्न झालेल्या मादीच्या डोक्यातल्या त्या फट ओळखणाऱ्या पेशीला लावायची, आणि ती पेशी जागी झाली की स्पीकरमधून टक असा आवाज येतो. दहा वेळा केलं तर एकदा जमतं, तेही सुई टिकली तर. तुळसाबाई दाराबाहेर बसून राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्याला चप्पल वाजवू देत नव्हती.

गुरुवारी समिती आली. त्यात बोलायचं काम एकट्या उत्तरा मॅडमचं. पांढरे केस, सुती साडी, चेहऱ्यावर हसू नाही. त्यांनी एकोणीस नंबरचं चालणं बघितलं, मान हलवली. मग मैथिलीने आठ नंबर दाखवली. गाणं लागलं. स्पीकरमधून टक, टक, टक, एकेका सुरावटीला नेमका आवाज. चेंडू ढिम्म.

उत्तरा मॅडम पुढे वाकल्या. "ही ऐकतेय. ओळखतेयही. आणि जात नाहीये. हा गट तुम्ही मुद्दाम केलात?"

"हो, म्हणजे आमच्या नियोजनात..." सौमित्र सरांनी सुरुवात केली.

"नाही मॅडम," मैथिली म्हणाली. "चुकून झालं. माझी चूक. मी मदतनीस बाईंना वेगळं ठेवायचं खरं कारण सांगितलं नव्हतं."

"तिची नाय," दारातून आवाज आला. "लग्ना मी लावली."

सरांनी डोळे मिटले. उत्तरा मॅडम वळल्या. "तुम्ही? हिचं कधी लावलंत?"

"आठ नंबरचा गुरवारी, साडेअकराला. नवरा तो, ज्याची डावी मिशी अर्धी हाय. तिच्या मागून नऊ नंबर, पावनेबाराला, तिचा नवरा मोठा, पन जरा आलशी." आणि तुळसाबाईने सत्तावीसच्या सत्तावीस लग्नं वारासकट, वेळेसकट आणि नवऱ्यासकट सांगितली. धवलारणीला कुणाचं लग्न कधी लागलं हे विचारायचं नसतं. तिला तीस वर्षांपूर्वीचीही आठवतात.

समितीतले एक गृहस्थ लिहून घ्यायला लागले होते, ते चौदाव्याला मागे पडले.

"मग मला सांगा," उत्तरा मॅडमनी विचारलं, "ओळखते तर ही जात का नाही?"

तुळसाबाईने विचार केला. "मॅडम, माझा नवरा ओट्यावरून हाक मारतो. माना ऐकायला येतं. कोन मारतो ते पन कलतं. पन मी उठत नाय."

उत्तरा मॅडमनी चष्मा काढला. त्यांना हसू आवरेना, आणि ते बघून सरांनी डोळे उघडले. "हेच तर," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "हेच! ओळखणं एकीकडे आणि उठणं दुसरीकडे. मग उठायचं की नाही, हे कुठे ठरतं?"

"पण मॅडम, लग्न झालेल्या तिघींवरच सुई टिकली," मैथिली घाईने म्हणाली. "तिघींवरून काहीच सिद्ध होत नाही."

"नाहीच होत. म्हणून तर दोन वर्षं लागतील." त्यांनी कागदावर सही केली. "नीट करा. वीस लग्नाच्या, वीस बिनलग्नाच्या. निवड चिठ्ठ्या टाकून. आणि लग्नं ह्याच बाई लावतील. कारण सांगून."

जानेवारीत चाळीस डब्या तयार झाल्या. मैथिली स्टीलचा डबा घेऊन आली, आत चाळीस चिठ्ठ्या, वीस लग्नाच्या, वीस बिनलग्नाच्या, एकेका डबीसाठी एकेक काढायची.

तुळसाबाईने फळीवर आधीच अर्ध्या डब्या पुढे काढून ठेवल्या होत्या. "ह्या वीस घे. ही सव्वीस नंबरची बघ, बिचारी दोन दिस खाल्ली नाय. नि ही पाच, हिचा सभाव गरीब हाय, हिला चांगला घर बघून देऊ."

"मावशी, आपण निवडायचं नाही. आपली माया मध्ये आली की प्रयोग वाया. चिठ्ठी निघेल तसं."

"देवीला कौल लावतात तसा?"

"तसंच समजा."

तुळसाबाईने हात धुतले, पदराला पुसले, क्षणभर डोळे मिटले आणि डब्यात हात घातला. पाच नंबर, लग्न. ती खूश झाली. तीन नंबर, बिनलग्नाची. ठीक. मग सव्वीसची पाळी आली. तिने चिठ्ठी उलगडली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"काय आहे?" मैथिलीने विचारलं.

"बिनलग्नाची." तुळसाबाईने सव्वीस नंबरच्या डबीकडे बघितलं. आतून मिशा झाकणाला लागलेल्या. "बाय, एक डाव परत काढू?"

"मावशी."

"बरा, बरा." तिने डबी उचलून मागच्या ओळीत ठेवली, आणि आत गाजराची एक चकती जास्त सरकवली. मैथिलीने बघितलं, पण जास्तीच्या गाजराबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं.

"देवीचा कौल हाय म्हनून ऐकते," तुळसाबाई डब्यात पुन्हा हात घालत म्हणाली. "तुझा असता तर नसता ऐकला."